मानाची वाटी

"व माय! रस्सा फेकस का तू? डोकं फिरनं का तुनं?"

परसदारी कुंदाबाईंचा आवाज असा काही फुटला की सुलक्षणाच्या हातातलं पातेलं लटपटलं, आणि तळाशी उरलंसुरलं पाणीही भसकन मोरीत गेलं... मटणाचं पाणी! वर चरबीची चकाकी असलेलं, वासानं अख्खी गल्ली जागी करणारं पाणी, ज्याला खानदेशात रस्सा होण्याचा जन्मसिद्ध हक्क आहे, ते मोरीतून वाहत चाललं होतं आणि पातेल्यात उरले होते चार पांढरेफटक तुकडे! भिंतीपलीकडून शेजारच्या लताबाईंचं डोकं वर आलेलं होतंच. कुंदाबाईंना हाक मारून त्यांनीच तर बोलावलं होतं. शेजारधर्म, दुसरं काय!

"मनं खोटं वाटत व्हतं ना तुमले?" लताबाई म्हणाल्या, "आते देखा सोताना डोयाघाई!"

"आई, ते... आबांच्या बीपीसाठी..." सुलक्षणा कसंबसं म्हणाली.

"बीपी बठ्ठासले शे! माले शे, ह्या लताले शे. आम्ही काय चोथा खातस?" कुंदाबाईंनी पातेल्याकडे बोट केलं. "मोठ्या पातेल्यातला रस्सा घरादाराला, आणि ज्याच्या हातच्या मटणासाठी चार गावं वाट पाहतात, त्या माणसाला हा चोथा! अगं, सासरा आहे तो तुझा... कुत्र्यालासुद्धा कोणी असं घालत नाही गं!"

सुलक्षणाच्या जिभेवर एकच वाक्य होतं. ते एक वाक्य उच्चारलं असतं तर सासूनं पाय धरले असते, लताबाईंचं डोकं भिंतीखाली गेलं असतं... पण ते वाक्य तिचं नव्हतं. ते आबांनी तिच्याकडे ठेवायला दिलेलं होतं. डोळ्यांतलं पाणी पदरानं टिपून तिनं तुकड्यांवर नवं पाणी ओतलं आणि पातेलं पुन्हा चुलीवर चढवलं.

आता भटू आबा म्हणजे कोण, हे सांगायलाच हवं. पाचोऱ्याजवळच्या त्या गावात कपाशी सगळ्यांचीच पिकते, पण भटू आबांसारखं मटण मात्र कोणालाच जमलं नाही. जाऊळ असो, नवसाचा बोकड असो, वरणगावपासून लोक आवतण घेऊन येत, आणि आबा धोतर खोचून, उघड्यावर तीन दगडांची चूल मांडून, भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचा काळा मसाला असा काही उतरवत की पाहुणे निरोप घ्यायचं विसरत. त्यांच्या भाऊबंदकीत एक रीतच होती. देवीचा नैवेद्य झाला की रश्शाची पहिली वाटी ज्यानं मटण केलं त्याच्या हातात द्यायची. त्यानं ती सगळ्यांसमोर पिऊन रिकामी वाटी पालथी केली, की मगच पंगतीनं भाकरी मोडायची. मानाची वाटी! ती वाटी आबांनी उभ्या आयुष्यात कधी दुसऱ्याला दिली नव्हती.

आणि अशा माणसाचे पाय गेल्या उन्हाळ्यात सुजले. सुलक्षणाचा नवरा अमृत सुरतेला कापडाच्या गिरणीत, महिन्या-दोन महिन्यांनी येणारा. तेव्हा आबांना एसटीत बसवून जळगावच्या दवाखान्यात सुलक्षणाच घेऊन गेली. वर्षानुवर्षांचं बीपी, त्यात गुडघ्यासाठी दुकानातून मनानंच घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या... दोन्ही किडन्या थकल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "डायलिसिसची वेळ अजून आलेली नाही. जिभेला आवरलंत तर ती पुष्कळ लांबवता येईल."

मग आहाराच्या मॅडमपुढे बसल्यावर आबांनी आधी छताकडे पाहिलं, मग चपलेकडे पाहिलं, आणि लहान मुलासारखं विचारलं, "मॅडम... मटण?"

मॅडम हसल्या. "अजिबात तोडलंत तर अंग झडेल, आबा. तुमच्या तब्येतीला आठवड्यातून एकदा, लहान दोन-तीन तुकडे चालतील. पण कलेजी नाही, पाया नाही, सुकट नाही. भरपूर पाण्यात उकळायचं, ते पाणी फेकायचं, मग पुन्हा शिजवायचं. मीठ नावाला. आणि रस्सा... रस्सा विसरायचा."

"पन ताकद तर रस्सामाच राहस!" आबा कळवळले.

"ताकद तुकड्यात असते, आबा. रश्शात उतरतं ते तुमच्या किडनीला झेपत नाही."

परतताना जळगावच्या स्टँडवर आबा बाकड्यावर बसले. पाचोऱ्याची गाडी लागली, तरी उठेनात. मग एकाएकी सुलक्षणाचा हात घेऊन त्यांनी तो आपल्या डोक्यावर ठेवला.

"सुलक्षणा, तुले मनी आन शे! मनी अंडेरले, दिपमालाले हाई कळाले नको. ती सोतानी किडनी काढीसन दी माले!"

आबांची लेक दिपमाला धुळ्याला दिली होती. किती वर्षं कूस उजवली नाही, म्हणून किती उपास केले, आणि आता कुठे तिच्या मांडीवर चंदन खेळू लागला होता, अंगावर पिणारं पोर! कधीकाळी गावातल्या कुणाच्या आजाराची गोष्ट निघाली तेव्हा हीच दिपमाला पटकन म्हणून गेली होती, "माझ्या बापाला लागली तर मी दोन्ही देईन!" आणि दिपमाला बोलल्यासारखी वागणारी पोरगी होती.

"मग आईंना तरी..."

"तुनी सासू? सकायले ऐकी, आन दुपारले धुयाले फोन!" आबा खिन्न हसले. "आन अमृतना तोंडमा तीळ भिजत नही. तूच एक शे, पोरी."

तूच एक शे! माहेरी बाप लहानपणीच गेलेल्या त्या मुलीला हे शब्द पुरेसे होते. तिनं मान हलवली, आणि त्या एका होकाराची किंमत वर्षभर मुकाट्यानं मोजली.

सोपं का होतं ते? पहिल्याच रविवारी आबांनी ताटातल्या त्या फिकट तुकड्यांकडे पाहिलं, समोर सगळे रश्शाच्या वाट्या भुरकत होते ते पाहिलं, आणि ताट हळूच बाजूला सारलं. त्यांच्या पापण्या ओलावलेल्या सुलक्षणानं पाहिल्या. तिनं काय करावं? आबांच्या लहान पातेल्यातलाच एक तुकडा आपल्या ताटात वाढून घेतला आणि त्यांच्या शेजारी बसली. "मलाही हेच आवडतं, आबा. ते तिखट बाधतं मला," ती म्हणाली. धडधडीत खोटं! नळी चोखताना जिला आजूबाजूचं भान राहत नसे, ती ही सुलक्षणा! पण आबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, ताट पुढे ओढलं आणि मुकाट जेवले. त्या दिवसापासून तिनं मोठ्या पातेल्याला बोट लावलं नाही. लसूण ठेचून घाल, आलं घाल, मिऱ्याची चिमूट टाक, वरून लिंबू पीळ... करता करता त्या अळणी तुकड्यांनाही तिनं चव आणली. आबांचे पाय उतरले, चेहरा खुलला. तिला वाटे, आपण जिंकलो!

पण हेच लोकांना बरं दिसलं नाही. आबांचं सुजलेलं अंग उतरलं तर गाव म्हणालं, "सुनेनं उपाशी मारलं, म्हातारा वाळला!" आणि आता मोरीत ओतलेलं ते पाणी लताबाईंच्या जिभेवरून गल्लीभर, आणि कुंदाबाईंच्या फोनवरून थेट धुळ्याला वाहत गेलं.

दिपमालाचा फोन आला तो सुलक्षणालाच. "वहिनी, माझ्या बापाला जेवू घालणं एवढं जड झालं असेल तर तसं सांगा. मी धुळ्याला घेऊन येते त्यांना. भरल्या घरात बाप माझा चोथा चघळतो, आणि मी इथे सुखाचा घास कसा गिळू हो?"

"ताई, तसं नाही हो..."

"मग कसं आहे? सांगा ना!"

सुलक्षणानं फोन कानाशी धरून डोळे मिटले. तुमच्याचसाठी आहे हो ताई, सगळं तुमच्याचसाठी... हे तिनं मनातच ठेवलं. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

अशातच चंदनचं जाऊळ ठरलं. एकवीरा आईला दिपमालानं नवस बोलला होता. देवळात जाऊळ, मामाच्या मांडीवर भाचा, आणि पंगत धुळ्याबाहेर तिच्या सासऱ्यांच्या, लीलाधरअप्पांच्या मळ्यात. आणि मटण? ते अर्थातच भटू आबांच्या हातचं!

नेमके त्याच आठवड्यात आबांचे पाय पुन्हा सुजले, चार पावलं चाललं की दम लागू लागला. जळगावचे डॉक्टर या वेळी गंभीर झाले. गोळी वाढवून ते म्हणाले, "मीठ अंगात पाणी धरून ठेवतंय. थोडीशी चूकसुद्धा छातीत पाणी व्हायला पुरेल. कार्याला जा, पण तोंड सांभाळा."

"आबा, तुम्ही जाऊच नका," सुलक्षणा हात जोडून म्हणाली.

"नातूना जाऊळले आजला नही? अन कारन काय सांगसू?" आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मी वाटीले नुसता ओठ लावसू. तू भ्याऊ नको."

मळ्यात लिंबाखाली आबांनी चूल मांडली, तेव्हा खरं सांगते, ते आजारी आहेत असं देवालाही वाटलं नसतं! कांदा राखेत भाजला, खोबरं लाल केलं, मसाला परतला तसा सगळा मळा त्या वासानं भरून गेला. सुलक्षणा मात्र भाकऱ्या थापताना एक डोळा त्यांच्यावर ठेवून होती. मध्येच दम लागला की आबा ढवळण्याच्या निमित्तानं पातेल्याच्या काठाला टेकत, आणि तिचा हात परातीतच थांबत होता.

नैवेद्य गेला. पंगत बसली. भाकऱ्या वाढून झाल्या, पण एकही हात ताटाला लागला नाही, कारण मानाची वाटी व्हायची होती. आणि ती वाटी घेऊन दिपमाला स्वतः आली. नवी पैठणी, नाकात नथ, चेहऱ्यावर किती वर्षांच्या नवसाचं समाधान... आणि हातात काठोकाठ भरलेली वाटी! वर लालभडक तरी, आत कलेजीचा तुकडा, मधोमध नळी. बापासाठी निवडून निवडून काढलेली!

"आबा, पोटभर प्या हो आज," ती म्हणाली, आणि मग सुलक्षणाकडे न बघता, पण तिला ऐकू जाईल असं म्हणाली, "इथे तुमचा रस्सा कोणी फेकणार नाही."

आबांनी लेकीच्या डोळ्यांत पाहिलं. नुसता ओठ लावायचा होता ना? पण त्या डोळ्यांत एवढी माया होती, एवढी आर्जवं होती, की त्या क्षणी त्या बापाला डॉक्टर आठवला नाही की आपला जीव आठवला नाही... त्यांनी वाटी दोन्ही हातांनी घेतली, डोळे मिटले आणि तोंडाला लावायला उचलली. पिणार! अख्खी पिणार!

"आबा, नाही!"

सुलक्षणा परात लाथाडून धावली. पीठ माखलेल्या हातांनी तिनं ती वाटी आबांच्या ओठांपासून ओढली. सांडावी? देवीच्या प्रसादाची वाटी भुईवर कशी सांडावी! खरं सांगावं? आण घातलेली! क्षणभर ती बावरून उभी राहिली, आणि मग, सगळ्या भाऊबंदकीसमोर, दीरा-भाया-व्याह्यांसमोर, डोक्यावरचा पदर ढळलेला असताना, त्या सुनेनं तो कढत रस्सा स्वतःच घटाघटा पिऊन टाकला!

पंगतीत कुणाच्या हातातला तांब्या खाली पडला. मानाची वाटी... बाईनं... सुनेनं!

"लाज कशी वाटली नाही हो वहिनी!" दिपमाला किंचाळली. "माझ्या बापाच्या तोंडचा घास काढून घेतलात! माझ्या चंदनच्या जाऊळात!"

"सुलक्षणा!" मांडीवर भाच्याला घेऊन बसलेला अमृत उठूनच उभा राहिला. "आत्ताच्या आत्ता पाया पड आबांच्या! माफी माग!"

कुंदाबाईंनी तर कपाळाला हात लावला. सुलक्षणाचा घसा भाजला होता, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ती खाली वाकली आणि आबांच्या सुजलेल्या पायांवर तिनं डोकं ठेवलं. आणि तिथेच... तिथेच त्या म्हाताऱ्याचा बांध फुटला.

"उठ, पोरी, उठ! तू कसानी माफी मांगस?" आबांनी तिला उठवलं. ते धापा टाकत होते, पण आवाज खणखणीत होता. "बठ्ठा ऐका! वरीस व्हयनं, मना किडन्या खराब शेतस. हाई मनी सूनले ठाऊक, आन माले ठाऊक. मीच तिले आन घाली व्हती. रस्सा ती फेकस ना, ते मना जीवसाठे फेकस! आन तुम्ही तिले नावं ठेवतस?"

आबांनी दम घेतला आणि सुनेकडे बोट केलं.

"आन आजूक ऐका. वरीसभर तिनी पन रस्सा चाखा नही. मना पातेलामातलं आळणीच खाई राह्यनी ती, मनासंगे बशीसन. आज वाटी पिनी, ती बी मनासाठे!"

कुंदाबाईंनी मान खाली घातली. वर्षभर एकाच घरात, एकाच चुलीशी वावरून सुनेच्या ताटात काय आहे हे आपण कधी पाहिलंच नाही, या विचारानं त्यांना तोंड वर करवेना. दिपमाला मात्र जागची हलली नव्हती. तिच्या हातून पदराचं टोक सुटलं...

"आबा... किडन्या? आणि मला सांगितलं नाही? मी मेले होते का?"

"तू जित्ती राहावं, म्हनीसन तर नही सांगं!" आबा म्हणाले. "तू सोतानी काढी देती, माले ठाऊक शे ना."

"देणारच! आज देते, आत्ता देते!" ती बापाच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडू लागली. मग तशीच वळली आणि सुलक्षणाच्या पायांकडे वाकली. सुलक्षणानं तिला अर्ध्यातच धरलं, तर तिच्या पिठाच्या हातांचे ठसे त्या नव्या पैठणीवर उमटले, आणि दोघींनाही त्याचं भान नव्हतं.

"वहिनी, मी तुम्हाला काय काय बोलले हो... तुम्ही एकदा तरी उलटून बोलायचं होतंत!"

"ताई, किडनीची वेळ अजून आली नाही," सुलक्षणा तिचे डोळे पुसत म्हणाली. "येऊच द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात आहे. आणि आबा, आता तुम्ही आण घ्या, यापुढे काही लपवणार नाही म्हणून. माझ्याच्यानं पुन्हा नाही हो एकटीला जमणार!"

आबांनी नातवाच्या तुळतुळीत डोक्यावर हात ठेवून आण घेतली. लीलाधरअप्पांनी घसा साफ केला आणि पंगतीला म्हणाले, "वाटी झाली ना? मग जेवा! मान योग्य तोंडी गेला आहे." अमृत त्या दिवशी जेवला नाही, तो बायकोनं टाकून दिलेली परात उचलून, भाकऱ्या थापणाऱ्या बायकांच्या थट्टेला न जुमानता, तिच्या जागी पीठ मळत बसला. भाकरी त्याला एकही गोल जमली नाही, ती गोष्ट वेगळी.

दुसऱ्याच दिवशी दिपमाला बापाला घेऊन जळगावला गेली आणि डॉक्टरांच्या तोंडून सगळं ऐकून आली. आबांची सूज उतरायला वेळ लागला, पण उतरली. थकलेल्या किडन्या नव्या होत नसतात. पण आहेत त्या टिकून आहेत, असं डॉक्टर दर खेपेला सांगतात, आणि दर खेपेला घरातलं वेगळं माणूस ते ऐकायला सोबत जातं.

पुढच्या आखाडातली गोष्ट. श्रावण लागण्याआधीचा रविवार, दिपमाला चंदनला घेऊन माहेरी आलेली, आणि परसातली चूल कुंदाबाईंनी हट्टानं स्वतःकडे घेतलेली. भिंतीपलीकडे लताबाईंचं डोकं वर आलं. कुंदाबाई जणू वाटच पाहत होत्या! त्यांनी वाफाळतं पातेलं उचललं, मोरीपर्यंत न नेता भिंतीपाशीच आणलं, आणि लताबाईंच्या देखत मटणाचं ते पहिलं पाणी धो धो ओतून दिलं.

"हा, फेकस मी! देखी ले, बाई! मनी सूननी शिकाडं माले. तुना बीपीवालासले बी सांग!"

लताबाईंचं डोकं खाली गेलं, ते पुन्हा दिसलं नाही. आबांनी बाजेवर बसून लसूण-आलं ठेचून दिलं, मिऱ्याचा अंदाज सांगितला. आयुष्यभर मोठ्या पातेल्यांवर राज्य केलेला तो माणूस आता या लहान पातेल्यातही जीव ओतू लागला होता. आज घरात दुसरं पातेलं चढलंच नव्हतं. सगळ्यांना एकच.

मटण उतरलं तसं आबांनी वाटी मागून घेतली. रस्सा नव्हताच, तीन कोवळे तुकडे, वर कोथिंबीर, लिंबाची फोड. कुंदाबाईंना वाटलं, रीतीप्रमाणे आता वाटी आपल्याकडे येणार. पण आबांनी ती धरली सुलक्षणापुढे.

"मटन तुनी सासूनी करं, पन विद्या तुनी शे. घे, मानाची वाटी!"

सुलक्षणानं वाटी घेतली. सासूकडे पाहिलं, नणंदेकडे पाहिलं, आणि वर्षभर अडवून धरलेलं सारं काही तिच्या डोळ्यांतून टपटप वाटीत पडू लागलं. तिला घास घेववेना. तेव्हा कुंदाबाई लगबगीनं पुढे आल्या, आपल्या पदरानं सुनेचे डोळे पुसले, आणि चुलीजवळचं पातेलं झाकत खोट्या रागानं ओरडल्या,

"आते रडू नको व माय! एखादा थेंब पातेलामा पडी... त्यासले मीठ चालत नही!"